निफाडचा कालचा पारा छापता, तसा आज रात्रीचा अंदाजही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमच्या पेपरात नाशिकच्या पानावर एक बातमी जवळपास ठरलेली असते. निफाड गारठलं, पारा अमुक अंशांवर, आणि सोबत शेकोटीला बसलेल्या माणसांचा फोटो. आम्ही ती आवडीने वाचतो, मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोन करून विचारतात की खरंच एवढी थंडी आहे का, त्याचंही बरं वाटतं. पण साहेब, ही बातमी होऊन गेलेल्या रात्रीची असते. आज सकाळी मोजलेला आकडा उद्याच्या पेपरात येतो, म्हणजे आमच्या हातात पेपर पडेपर्यंत मधे अजून एक रात्र गेलेली असते आणि त्या रात्री बागेत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच बातमीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, येणाऱ्या रात्रीचा अंदाज छापा. तो सुद्धा निफाडचा, नाशिक शहराचा नाही.

मी निफाड तालुक्यात राहते, घरची द्राक्षबाग आहे, थोडा कांदा आणि गहू असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या घरात टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा हवामानाचीच चर्चा जास्त असते, आणि हे फक्त आमच्याच घरात नाही, पिंपळगाव, लासलगाव, ओझर, सायखेडा, कुठंही जा, चहाच्या टपरीवर हाच विषय. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, काटछाट करायची तर करा पण मुद्दा ठेवा.

आधी तो आकडा कुठून येतो ते बऱ्याच वाचकांना माहीत नसतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र आहे, त्र्यंबक आणि तपोवन या गव्हाच्या जाती तिथल्याच. त्या केंद्राच्या आवारात हवामानाची नोंद होते आणि पेपरात निफाडचा म्हणून जो पारा छापला जातो तो बहुतेक तिथला असतो. तापमापी उघड्यावर ठेवलेली नसते, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत असते, पेटीला झडपांसारख्या फटी असतात म्हणजे हवा खेळते पण ऊन आत येत नाही, आणि तापमापी जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते. जगभर अशीच पद्धत आहे, कारण सगळीकडे सारखं मोजलं तरच एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येते. किमान तापमानाच्या तापमापीत बऱ्याचदा पाऱ्याऐवजी अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक कांडी असते, तापमान उतरलं की ती मागे ओढली जाते आणि तिथंच थांबते, म्हणून रात्रभर कुणी जागं राहायची गरज नाही, सकाळी येऊन वाचलं तरी रात्रीतला सगळ्यात खालचा आकडा मिळतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. तो आकडा चार फुटांवरच्या हवेचा आहे. रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची हवा, गवताचं पातं, कांद्याची पात हे सगळं त्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहून जास्त थंड असतं. म्हणूनच पेटीत ४ अंश दाखवत असताना बांधावरच्या गवतावर पांढरा थर दिसतो. मग पेपरात येतं "निफाडमध्ये बर्फ". बर्फ पडत नाही साहेब. पातं शून्याच्या खाली जातं आणि त्याच्यावर आधी जमलेलं दव गोठतं, नाहीतर हवेतली वाफ थेट पात्यावरच कणांच्या रूपात बसते. ढगातून काही पडलेलं नसतं, उलट ढग असते तर हे झालंच नसतं. फोटो जरूर छापा, पण खाली एवढं एक वाक्य लिहिलं तरी शाळेतल्या पोरांना नीट कळेल.

लोक असंही विचारतात की निफाडच का. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, आपण जेमतेम साडेपाचशे मीटरच्या आसपास, मग आपल्याकडे त्याच्यापेक्षा कमी तापमान कसं. उंचावर थंड असतं हे दिवसाला आणि एकूण सरासरीला बरोबर आहे, पण हिवाळ्यातल्या शांत रात्रीचं गणित वेगळं आहे. जमीन थंड झाली की तिला चिकटलेली हवा थंड होते, थंड हवा जड असते, ती उतारावरून हळूहळू खाली सरकते आणि खोलगट भागात येऊन साचते. डोंगरमाथ्यावरची हवा अशी निसटून जाते आणि तिच्या जागी वरची जरा उबदार हवा येते. त्यामुळे पहाटे चारला खोऱ्यात कडाका आणि माथ्यावर त्या मानाने सुसह्य अशी उलटी परिस्थिती असते. महाबळेश्वरला सुद्धा दव गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या परिसरातली, उंचावरच्या पॉइंटवरची नाही, बघा कधीतरी लक्ष देऊन. आपला तालुका गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यात सपाट पसरलेला, समुद्रापासून लांब, मधे सह्याद्रीची भिंत असल्याने हिवाळ्यात हवा कोरडी, आणि उत्तरेकडून येणारा गार वारा राज्यात शिरतो तो आधी धुळे-जळगाव-नाशिकच्या बाजूनेच. हे सगळं एकत्र आलं की आपल्याकडे पारा घसरतो. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर कुंदेवाडीला १.८ अंशांची नोंद झाली होती, ती पहाट अजून कुणी विसरलेलं नाही.

आणि खोलगट-उंच हा फरक एका तालुक्यातच नाही, एका शिवारात सुद्धा असतो. नदीकाठच्या खालच्या बागेत द्राक्षाचे मणी तडकतात आणि अर्ध्या किलोमीटरवर उंचवट्यावरच्या बागेत काही होत नाही. ओझरला विमानतळाच्या बाजूचा आकडा आणि कुंदेवाडीचा आकडा एकाच सकाळी दोन-तीन अंशांनी वेगळा असू शकतो आणि दोन्ही खरे असतात. म्हणून माझी विनंती आहे की आकडा छापताना तो कुठला आहे हे दरवेळी लिहा, नुसतं "निफाड" लिहू नका.

आता अंदाजाकडे येते. रात्री किती थंडी पडणार हे ठरवणाऱ्या तीन गोष्टी तर कुणीही संध्याकाळी अंगणात उभं राहून बघू शकतं, आकाश, वारा आणि हवेतला ओलावा. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की आपली उष्णता वर फेकायला लागते. वर ढग असतील तर ते त्यातली बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात, गोधडी पांघरल्यासारखं होतं, आणि पारा फारसा उतरत नाही. आकाश मोकळं असेल तर सगळी उष्णता निघून जाते. वारा वाहत असेल तर वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळत राहते, अंगाला बोचतं जास्त पण तापमापी त्या मानाने कमी उतरते. रात्री नऊ-दहाला वारा एकदम पडला, पानसुद्धा हलेना, की समजायचं आज पहाट कठीण. आमच्या गावातली म्हातारी माणसं हे वर्षानुवर्षं सांगत आलीत आणि शास्त्र सुद्धा हेच सांगतं.

तिसरी गोष्ट ओलाव्याची, तिच्याकडे पेपरवाले अजिबात लक्ष देत नाहीत आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. हवा थंड होत होत एका तापमानाला पोचते, त्याच्या खाली तिच्यातली वाफ तिला धरून ठेवता येत नाही आणि दव पडायला लागतं. त्या तापमानाला दवबिंदू तापमान म्हणतात. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे दव पडायला लागलं की पारा उतरायचा वेग कमी होतो. म्हणजे संध्याकाळी दवबिंदू तापमान १२ अंश असेल तर रात्र त्याच्या फार खाली जाणं अवघड, आणि ते ३-४ अंशांवर असेल, हवा कोरडी असेल, वारा पडलेला असेल, तर पारा कुठवर जाईल त्याला रोखणारं काही नाही. हा एक आकडा संध्याकाळी मिळाला तर शेतकऱ्याला अर्धा अंदाज स्वतःचा स्वतः बांधता येतो. उलट बाजूने सुद्धा त्याचा उपयोग आहे, दव जास्त पडणार, पानं सकाळी नऊ-दहापर्यंत ओली राहणार म्हणजे बागेत डाऊनी रोगाचा धोका, कांद्यावर करपा रोग, मग फवारणीचा निर्णय त्यावर. थंडी कमी झाली म्हणून हायसं वाटून घ्यायची सोय नाही, ढगाळ-दमट हवा आली की द्राक्षावर भुरी रोगाची धास्ती.

धुक्याचं पण तसंच. आपल्याकडे दाट धुकं रोज पडत नाही, पण अवकाळी पाऊस होऊन गेला, जमीन ओली आहे, दुसऱ्या दिवशी आकाश उघडलं आणि वारा नाही, की त्या पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला, कादवेच्या काठाने रस्ता दिसत नाही. हजार मीटरच्या आत दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला धुकं धरतं. पाऊस उघडला त्या संध्याकाळीच ही शक्यता सांगता येते. पहाटे कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन लासलगावला निघणाऱ्या पोरांना आदल्या रात्री कळलं तर ते तासभर उशिरा निघतील, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावतील. (रेल्वेगाड्या उशिरा धावतात ते मात्र आपल्या धुक्यामुळे नाही, उत्तर प्रदेशातल्या धुक्यात अडकून आलेल्या असतात म्हणून, तेही एकदा लिहा कारण स्टेशनवर लोक उगाच वाद घालतात.)

आता आठवडाभराचा अंदाज. डिसेंबर-जानेवारीत आपली थंडी वर-खाली होते ती बरीचशी पश्चिमी चक्रावातामुळे, टीव्हीवर त्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. भूमध्य समुद्राकडून हे पट्टे इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयाकडे येतात, हिवाळ्यात महिन्याला साधारण चार-सहा. तो येत असताना आपल्याकडे वारा फिरतो, आकाशात पांढरे झिरझिरीत ढग येतात, रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढतं आणि लोक म्हणतात थंडी गेली. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतं, चक्रावात पुढे सरकतो, आकाश स्वच्छ होतं आणि तिकडचा कोरडा गार वारा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून एक-दोन दिवसांत आपल्यापर्यंत येतो. म्हणजे मनालीला बर्फ पडल्याची बातमी तुम्ही पर्यटनाची बातमी म्हणून छापता, आमच्यासाठी ती दोन दिवसांनंतरची सूचना असते! त्या बातमीत शेवटी एक ओळ टाका ना, की याचा परिणाम उत्तर महाराष्ट्रात अमुक दिवसापासून दिसण्याची शक्यता. आणि बंगालच्या उपसागरात एखादं कमी दाबाचं क्षेत्र झालं, पूर्वेकडून बाष्प आलं, की हेच चित्र उलटतं, थंडी पळते आणि ढग येतात, कधी पाऊस येतो.

पावसाचं निघालं म्हणून सांगते. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाड, चांदवड, दिंडोरीच्या लोकांना कुणी आठवण करून द्यायची गरज नाही. बागा फुलोऱ्यात, कुठे मणी सेट होत असलेल्या, आणि गारांनी घड-पानं-काडी सगळं झोडपलं. गार नेमकी कुठल्या गावावर पडणार हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, तो ढग दोन-तीन तासांत तयार होतो आणि पट्ट्यापट्ट्याने मारतो, म्हणून गारपिटीचा इशारा जिल्ह्याचाच येणार हे आम्हाला कळतं. पण त्या दिवशी मेघगर्जनेसह पाऊस होणार हा इशारा आधीच आलेला होता. तो आमच्या तालुक्यातल्या किती घरांत पोचला होता हे तुम्ही वार्ताहर पाठवून विचारा.

थंडीच्या लाटेबद्दलही एक सांगायचंय. ८-९ अंश झाले की शीर्षक येतं "थंडीची लाट". हवामान खात्याचा निकष असा आहे की मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याच्या खाली पाहिजे आणि शिवाय ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी पाहिजे, तेव्हा थंडीची लाट. साडेसहाच्या आसपास कमी झालं, नेमकं ६.४ च्या पुढे, की तीव्र लाट. किंवा मग सरासरी काही का असेना, पारा ४ अंशांवर आला तर लाट, २ अंशांवर आला तर तीव्र लाट. जानेवारीत आपल्याकडे ८-९ अंश हे नेहमीच्या थंडीतच मोडतं. रोज लाट-लाट छापलं की ज्या दिवशी खरी लाट येणार असते त्या दिवशी कुणी मान वर करून बघत नाही. पिवळा आणि नारिंगी इशारा यातला फरकही वाचकांना सांगा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

मग अंदाज मिळाला तर शेतकरी करणार काय, असं तुम्ही विचाराल. खूप काही करता येतं आणि सगळं आदल्या संध्याकाळी करावं लागतं. ऑक्टोबर छाटणीच्या बागा डिसेंबर-जानेवारीत मणी फुगवणीत नाहीतर पाणी उतरण्याच्या (मणी मऊ होऊन गोडी भरायला लागते त्या) अवस्थेत असतात. पारा फार खाली गेला की वेलीची मुळं काम थांबवतात, फुगवण अडते, आणि पहाटे गारठलेल्या मण्यावर सकाळी ऊन आलं की साल तडकते. एकदा मणी तडकला की त्यातून रस येतो, शेजारचे मणी सडतात, एक्स्पोर्टचा घड लोकलचा होतो. दिवस-रात्रीच्या तापमानात फार मोठा फरक पडायला लागला की थॉमसन जातीच्या द्राक्षात पिंक बेरीचा, म्हणजे मणी गुलाबी पडण्याचा त्रास, त्यासाठी घडाला कागद लावायचा तर तो आधीच लावावा लागतो, मजूर एका दिवसात मिळत नाहीत. पहाटे ड्रिपने विहिरीचं पाणी सोडायचं, कारण जमिनीखालचं पाणी त्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवून ठेवते. पण त्यासाठी लाईट कधी आहे ते बघून मोटारीचं गणित आदल्या दिवशी बसवावं लागतं, रात्रपाळीची लाईट असेल तर कोण उठणार हे ठरवावं लागतं.

शेकोट्यांचं पण तसंच, पालापाचोळा, काड्या आधी गोळा करून ओळींमध्ये ठेवाव्या लागतात. इथं एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण गैरसमज फार आहे. बागेत नुसता धूर करून फारसा उपयोग होत नाही, धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून जाणारी उष्णता ते अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा. शांत रात्री वीस-तीस फुटांवरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार असते, छोट्या-छोट्या जाळांमुळे खालची हवा हलते आणि वरच्या हवेत मिसळते. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागभर पुष्कळ लहान शेकोट्या चांगल्या, मोठा जाळ सगळी उष्णता सरळ वर घेऊन जातो. टायर जाळणं तर बंदच व्हायला हवं, त्या धुराने वेलीला काही मिळत नाही आणि पहाटे तोच धूर खाली साचून गावात पोरांना खोकला.

थंडी सगळ्यांना वाईट असते असंही नाही. गव्हाला फुटवे फुटायला, हरभऱ्याला ही थंडी हवीच असते, ज्याचा गहू आहे तो मनातून खूश असतो. कांद्याला मात्र मधेच कडाका पडला की डेंगळे येतात, म्हणजे कांदा पोसायच्या ऐवजी फुलाचे दांडे निघतात. म्हणजे एकाच घरात एका वावरात आनंद आणि दुसऱ्यात काळजी. तुमच्या बातमीत फक्त "बागायतदार चिंतेत" असतं, गव्हावाल्याला पण दोन ओळी द्या.

आणि शेतीच्या पलीकडे माणसं आहेत. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबं बागेच्या कडेला पाल टाकून राहतात, लहान लेकरं असतात, ताडपत्रीखाली जमिनीवर झोपतात, आणि जमिनीलगतच गारठा सगळ्यात जास्त हे वर लिहिलंच आहे. उद्या ५-६ अंश होणार हे बागमालकाला संध्याकाळी माहीत असेल तर तो त्यांना शेडमध्ये झोपायला जागा देईल, खाली टाकायला पोती, चगाळ देईल, निदान बरेच जण देतील असा माझा विश्वास आहे. विरळणीच्या (घडातले जास्तीचे मणी काढायच्या) कामाच्या बायका सकाळी आठला बागेत शिरतात तेव्हा पानं दवाने चिंब असतात, अर्ध्या तासात बाह्या ओल्या होतात. दव जास्त असणार हे कळलं तर काम नऊला सुरू करून संध्याकाळी तेवढंच पुढे न्यायला कुणाची हरकत नसते. सकाळच्या शाळेची वेळ शिक्षकांना बदलता येते. म्हाताऱ्या माणसांना पहाटे फिरायला जाऊ नका म्हणून सांगता येतं. आणि रात्री बंद खोलीत शेगडी किंवा शेकोटीचे निखारे ठेवून झोपू नका ही सूचना तर कडाक्याच्या प्रत्येक रात्री तुमच्या पेपरात हवीच, निखाऱ्यांतून धूर न दिसता निघणाऱ्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

तुम्ही म्हणाल हे सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं ना. हवामान खात्याचं मौसम अ‍ॅप आहे, शेतीसाठी मेघदूत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज द्यायला सुरुवात झाली आणि मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम आली, त्यात आधीच्या बारा किलोमीटरच्या चौकटीऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढला जातो. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच राज्यात एवढं चांगलं काम झालेलं आहे. पण तुमच्या पेपरात अजून काय छापून येतं, "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी किमान तापमानात घट". मध्य महाराष्ट्र हा हवामान खात्याचा विभाग नंदुरबारपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंत आहे! त्यातून सायखेड्याच्या माणसाने काय समजायचं. आणि मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपला जे फिरतं त्यात कुणाचा अंदाज, कधीचा, कुठला काहीच नसतं, मागच्या वर्षीचा मेसेज यावर्षी फिरतो आणि लोक घाबरून फवारण्या करतात, औषधाचा खर्च वाया. छापील पेपरला तारीख असते, जबाबदारी असते, आणि टपरीवर एक पेपर वीस जण वाचतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवतं. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

काय छापावं ते पण सांगते, जागा फार लागणार नाही, दोन कॉलमची छोटी चौकट पुरे. आज रात्रीचं अपेक्षित किमान तापमान, पण एकच आकडा नको, ६ ते ८ असं लिहा, कारण नेमका आकडा कुणी सांगू शकत नाही आणि एक अंश चुकला की लोक म्हणतात अंदाज खोटा. त्याच्यासोबत आकाश कसं राहणार, रात्री वारा असणार की पडणार, दवबिंदू तापमान किती, धुक्याची शक्यता आहे का, पुढच्या तीन-चार दिवसांत थंडी वाढणार की कमी होणार, एवढंच. अंदाज कुणाचा आणि किती वाजताचा ते खाली बारीक अक्षरात. तुमचा पेपर रात्री छापला जातो, त्यामुळे तुमच्याकडे असलेला अंदाज आमच्या त्या रात्रीपर्यंत चोवीस तासांहून जुना झालेला असणार हे मला कळतं, पण हिवाळ्यात एक-दोन दिवसांचा किमान तापमानाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, पावसाळ्यातल्या ढगांसारखी त्याची पळापळ नसते. काही बदल झाला तर दुपारी तुमच्या वेबसाइटवर, फेसबुकवर टाका.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकटीत लिहा, काल आम्ही ६ ते ८ सांगितलं होतं, कुंदेवाडीला प्रत्यक्ष ७.२ झालं, किंवा चुकलं तर चुकलं म्हणून लिहा. असं दोन महिने चाललं की वाचकाला आपोआप कळायला लागतं की अंदाजावर किती विसंबायचं, आपला मळा खोलगट आहे तर त्यातून किती वजा करायचे. आमच्याकडे बऱ्याच बागायतदारांनी बागेत साधी तापमापी टांगलेली असते, ते रोज ताडून बघतील, तुम्हाला कळवतील सुद्धा.

शाळांना पण यात घेता येईल. तालुक्यातल्या चार-पाच माध्यमिक शाळांना एक-एक किमान-कमाल तापमापी आणि सावलीची पेटी मिळाली, भूगोलाच्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या पोरांकडून रोज नोंद करून घेतली आणि तुम्ही रविवारी ती छापली, तर नदीकाठ, गावठाण, टेकडीकडचा भाग यातला फरक सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. पेटी स्थानिक सुतार बनवू शकतो, दार उत्तरेला ठेवायचं म्हणजे उघडल्यावर ऊन आत पडत नाही, आणि भिंतीपासून, डांबरी रस्त्यापासून लांब, मोकळ्या जागेत लावायची. खर्चासाठी आमच्या गावातले चार बागायतदार पुढे येतील, मी स्वतः त्यांच्याशी बोलायला तयार आहे.

यंदाच्या छाटण्या सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतील आणि पहिला गारठा नोव्हेंबरच्या मध्यावर येतो, तेव्हा चौकट सुरू करायची असेल तर ती निदान दिवाळीच्या आठवड्यात सुरू करा आणि फेब्रुवारी संपेपर्यंत चालू ठेवा, मधे जाहिरात आली म्हणून वगळू नका. लोकांना रोज त्याच पानावर, त्याच जागी बघायची सवय लागली तरच तिचा उपयोग आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक